शिळं म्हणायचं न्हाई, कालचं म्हणायचं

येळ्ळूरची नात:
परवा माळा आवरायला काढलो आणि आज्जीची भाकरीची बुट्टी सापडली. वेळूची, तळाला अजून जुन्या लुगड्याचा तुकडा. आमच्यात रात्री या बुट्टीत चार भाकऱ्या मुद्दाम जास्तीच्या पडायच्या. सकाळी शेताकडं जायच्या आधी आज्जी त्यांचा कुस्करा करायची. कुणी शिळी भाकरी म्हटलं की चिडायची. "शिळं कुत्र्याला घालतात, हे कालचं हाय!"

त्याच दिवशी करून बघितलो. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या हातानं कुस्करून, अर्धी वाटी ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवलो. तेलात मोहरी, मूठभर शेंगदाणे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, एक मोठा कांदा, हळद, घरची चटणी. मग कुस्करा घालून मंद गॅसवर वाफ. ताक विसरलात तर भुसा खाल्ल्यागत लागतंय. पोराला विचारलो कसं झालंय, तर म्हणतोय, "उप्पीट हाय काय?"

तुमच्या घरात उरलेल्याचं काय व्हायचं, लिवा.

निपाणीकर:
चटणी म्हणजे? शेंगांची?

येळ्ळूरची नात:
न्हाई ओ, तिखट. कांदा-लसणाचं. निपाणीत राहून हे विचारताय?

निपाणीकर:
बायको पुण्याची हाय. चटणी मागितली की खोबऱ्याची येते.

पुण्यात माहेर:
ताई की दादा? "काढलो, बघितलो" वाचून गोंधळले.

येळ्ळूरची नात:
बाईच हाय मी. बेळगावात बायका पण आलो-गेलोच म्हणतात.

जांबोटीकडची:
आमच्याकडं पाऊस धो धो, भाकरीपेक्षा भातच जास्त. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून मडक्यात ठेवायचे. सकाळी त्यात ताक, मीठ, कच्चा कांदा, निखाऱ्यावर भाजलेली सुकी मिरची चुरून. नांगरटीला जाणाऱ्यांचा हाच नाष्टा. पण एक सांगतो, आता तसं बाहेर ठेवू नका. दोन वर्षांमागं भात रात्रभर ओट्यावर राहिला, सकाळी फोडणी देऊन धाकट्याला घातलो. दुपारपर्यंत उलट्या. डॉक्टर म्हणाले, भात बाहेर राहिला की त्यात जे विष तयार होतंय ते परत गरम करून जात न्हाई. तेव्हापासून वाफ गेली की डब्यात, डबा फ्रीजमध्ये. पाण्यातला भात पण तिथंच. मडक्याची चव येत न्हाई, काय करणार.

खडेबाजार:
फोडणीच्या भाताला शेजारच्या अक्का ओग्गरणी अन्न म्हणतात. लिंबू पिळलं की चित्रान्न. वाटी इकडून तिकडं जाते, परत येताना कधी रिकामी येत न्हाई. त्यामुळं आमच्यात उरलेलं कधी संपतच न्हाई!!

वडगावची सून:
घाईत लिवतोय, कुकर लावलाय. सासरी माग होते, खडखडाटात "आमटी वाढू का" पण हातानं खुणा करून विचारायचे. उरलेली घट्ट आमटी सासूबाई कधी टाकल्या न्हाईत. तिच्यातच जोंधळ्याचं न् बेसनाचं पीठ, कांदा, कोथिंबीर घालून थालिपीठ. वेगळं मीठ घालायचं न्हाई, आमटीत असतंय. मी पहिल्यांदा केलो तेव्हा घातलो. सासरे न बोलता तांब्याभर पाणी पिले.

निपाणीकर:
गरीब माणूस. 😄

उचगावचा शेतकरी:
रताळ्याचं कुणी लिवलं न्हाई. मोठी रताळी गाडीत बसून मुंबई-दिल्लीला जातात, तुटकी-बारकी आमच्या वाट्याला. उकडलेली उरली की आई सोलून कुस्करून त्यात गूळ, वेलदोडा, मावेल तेवढीच कणीक घालून घाऱ्या तळायची. पाणी अजिबात न्हाई. पाणी घातलं की पिठाचा गिलावा होतोय. यंदा दराचं काय विचारू नका.

खडेबाजार:
विचारलो न्हाई, पण सांगा की.

उचगावचा शेतकरी:
नको ओ, जेवण जाणार न्हाई.

संकेश्वरची माहेरवाशीण:
कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पुरण हमखास जास्त होतंय. महाराष्ट्रातल्या जावेकडं बेंदूर आषाढात, आमच्यात जेष्ठ पुनवेला, म्हणजे पुरण दोनदा उरतंय. त्यात बसेल तेवढी कणीक मळायची, जरा जाड लाटून तुपावर दशम्या. पोरं डब्यात नेतात. कटाची आमटी दुसऱ्या दिवशीचीच खरी. पहिल्या दिवशी ती नुसती तिखट पाणी असती. 😅

पुण्यात माहेर:
आणि तुमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचं, उरलेल्या कुंद्याचं, काय करता?

खडेबाजार:
उरलेला कुंदा म्हणजे काय असतंय ते?

जांबोटीकडची:
मांड्यांचा चुरा मात्र उरतो. गरम दुधात घालून पहाटे उठून एकटीनं खायचा. कुणाला सांगायचं न्हाई.

वडगावची सून:
आता सांगितलात की. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कुणी मोजल्या काय?

पुण्यात माहेर:
कुस्करा केला आत्ता. ज्वारीची भाकरी नव्हती, पोळ्यांचा केला. ताक जास्त पडलं, लगदा झाला.

येळ्ळूरची नात:
पोळीला ताक लागत न्हाई ओ, नुसता पाण्याचा हात. आता त्यात बेसन घालून धिरडी टाका.

पुण्यात माहेर:
बेसन संपलंय.

येळ्ळूरची नात:
मग तांदळाचं पीठ?