नवीन लॅपटॉपवर विंडोज ११ 'पार्टिशन डिस्क'लाच अडकतंय

प्रश्न
कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून (ऑफिसातली अनेक मशीन्स सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) पीएक्सई बूट करून, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करून, विंडोज ११ टाकायचंय. जुन्या मॉडेल्सवर हीच टास्क सिक्वेन्स (इन्स्टॉलेशनच्या ठरलेल्या पायऱ्या) नीट चालते. नव्या लॅपटॉपवर विनपीई (इन्स्टॉलेशनपुरतं चालणारं छोटं विंडोज) उघडतं, आयपी मिळतो, टास्क सिक्वेन्सची यादीही येते, पण 'पार्टिशन डिस्क'ला एरर येते. १५ मिनिटांचा काउंटडाउन संपला की मशीन रीस्टार्ट होतं आणि मग लॉग सापडत नाही. बायोसमध्ये एसएसडी दिसते. एसएसडीच खराब आहे का?

उत्तर १
बायोसला दिसतेय म्हणजे एसएसडी बहुधा ठीक आहे, विनपीईला दिसत नाहीये. यादी आली की एफ८ दाबून कमांडची खिडकी उघडा, डिस्कपार्ट (डिस्क हाताळायची कमांड) चालवून 'लिस्ट डिस्क' द्या. फक्त पेनड्राइव्ह दिसला किंवा काहीच दिसलं नाही, तर स्टोरेज ड्रायव्हर नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागे ठेवणारी सोय) चालू असतं, तिथे हे हमखास होतं.

एफ८ची खिडकी उघडी ठेवा. ती उघडी असेपर्यंत मशीन रीस्टार्ट होत नाही. तुमचा लॉग एक्स ड्राइव्हवर, विंडोज\टेम्प\एसएमएसटीएसलॉग फोल्डरमध्ये असतो. एक्स ड्राइव्ह म्हणजे रॅम, त्यामुळे रीस्टार्टबरोबर लॉगही जातो. एफ८ दाबून काही होत नसेल तर बूट इमेजच्या (विनपीई ज्या फाइलमधून येतं ती) प्रॉपर्टीजमध्ये कमांड सपोर्ट चालू करा. काम झाल्यावर बंद करायला विसरू नका, तिथे कुणालाही सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळतात.

उत्तर २
बूट इमेजला हात लावण्याआधी खात्री करून घ्या. इंटेल आरएसटीच्या (इंटेलचं स्टोरेज ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर) सेटअप फाइलला 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' हा स्विच देऊन ड्रायव्हर फोल्डरमध्ये काढा, पेनड्राइव्हवर न्या आणि विनपीईत ड्रव्हलोड कमांडने व्हीएमडी ड्रायव्हरची आयएनएफ फाइल लोड करा. 'लिस्ट डिस्क'मध्ये एसएसडी आली की निदान पक्कं.

मग तोच ड्रायव्हर बूट इमेजमध्ये घालून डिस्ट्रिब्युशन पॉइंट (मशीन्सना फाइल्स पुरवणारा सर्व्हर) अपडेट करा. बूट इमेजमध्ये नेटवर्क आणि स्टोरेज एवढेच ड्रायव्हर हवेत. ऑडिओ-ब्लूटूथ कोंबून ती फुगवण्यात अर्थ नाही. त्या मॉडेलच्या ड्रायव्हर पॅकेजमध्येही हा ड्रायव्हर असायलाच हवा. नाहीतर इमेज उतरेल आणि पहिल्याच रीस्टार्टला 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येईल.

बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण आधीच विंडोज असलेल्या मशीनवर तसं केलं तर ते बूटच होणार नाही, आणि प्रत्येक मशीनचं सेटिंग कायम सांभाळत बसावं लागतं.

प्रश्नकर्ता
ड्रव्हलोडने डिस्क दिसली, इन्स्टॉलेशन पूर्ण झालं. पण जुन्याच नावाने परत विंडोज टाकलेली मशीन्स डोमेनमध्ये (कंपनीच्या मध्यवर्ती व्यवस्थेत) न जाता वर्कग्रुपमध्ये, म्हणजे सुटीच, राहतात. एररही दिसत नाही.

उत्तर ३
डोमेन जॉइन फसलं तरी विंडोज सेटअप थांबत नाही. सी ड्राइव्हवर विंडोज\डीबग फोल्डरमध्ये नेटसेटअप लॉग उघडा. त्यात ०एक्सएएसी, म्हणजे २७३२ दिसला, तर ऑक्टोबर २०२२च्या अपडेटनंतरचे नियम आडवे येताहेत: त्याच नावाचं कॉम्प्युटर अकाउंट डोमेनमध्ये आधीच असेल, तर ते बनवणाऱ्यालाच किंवा डोमेन अ‍ॅडमिनने बनवलेलं असेल तरच ते पुन्हा वापरता येतं.

डोमेन कंट्रोलरच्या (डोमेन चालवणारा सर्व्हर) ग्रुप पॉलिसीत अकाउंट री-यूजची सेटिंग आहे. तिथे अकाउंटच्या विश्वासू मालकांचा ग्रुप द्यायचा. जॉइन करणारं अकाउंट दिलं की काही फरक पडत नाही, आणि गडबड नेमकी इथेच होते. हा नियम टाळायचा जुना रजिस्ट्रीचा तोडगा ऑगस्ट २०२४च्या अपडेटपासून चालत नाही. जुनं अकाउंट डिलीट करूनही सुटतं, मात्र बिटलॉकरच्या (डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की एडीत (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डोमेनचा डेटाबेस) ठेवत असाल तर त्या त्याच अकाउंटखाली असतात. आधी काढून ठेवा.