पडवीच्या पारदर्शक छपरातून गळती, गणपतीआधी काय करता येईल?

खाडीकाठ (गुहागर):
नमस्कार मंडळी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं चिऱ्याचं घर. आमसुलं, फणसाची साटं वाळवायला आणि आईच्या कुंड्यांना म्हणून पश्चिमेच्या अंगाला बंद पडवी काढली. तिन्ही बाजूंना सरकत्या काचा, वर 10 मिमीचे पोकळ पॉलीकार्बोनेट पत्रे, त्याखाली लोखंडी चौकोनी पाइप. भिंतीपासून बाहेर 12 फूट लांबी, उतार सहा इंच.

गेल्या पावसाळ्यात पडवी कोरडी राहिली. यंदा आषाढ लागला आणि भिंतीलगत धार सुरू झाली. सरळ पावसात थेंब नाही, पण दर्याकडून वारा धरला की बादल्या लावाव्या लागतात. सांध्यात सिलिकॉन भरलं, थोडे दिवस थांबलं, परत चालू. पत्रे बसवणारा फोन उचलत नाही. गणपतीला मुंबईची मंडळी येणार आणि त्यातली निम्मी याच पडवीत झोपतात. ड्रिल, ग्राइंडर मला चालवता येतं. कुठून हात घालू?

रापण (मालवण):
सिलिकॉनावर सिलिकॉन मारून काय होवचा नाय. वरसून ताडपत्री टाका, दोरीन घट्ट बांधा, गणपती जावंदेत, मगे बघा.

ओळंबा (दापोली):
रापणभाऊंची ताडपत्री मला मान्य आहे, पण आधी तीन गोष्टी सांगा. वरच्या कौलांच्या पागोळ्या याच पत्र्यावर पडतात का? सिलिकॉन भरताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता का? आणि पत्र्याच्या वरच्या तोंडाला, जिथे तो भिंतीला भिडतो तिथे, काही टेप लावलेली आहे का?

खाडीकाठ:
पागोळ्या हो, सगळ्या त्यावरच. वास अगदी तसाच होता. टेप नाही, पोकळ नळ्या उघड्या दिसतात आणि आत हिरवट शेवाळ धरलंय. स्क्रूही गंजलेत.

ओळंबा:
मग पत्रा निर्दोष आहे, बसवण्यात घोटाळा आहे. इकडे शेड करणारे बरेच जण सिमेंटच्या पत्र्याची सवय पॉलीकार्बोनेटला लावतात.

हा पत्रा तापला की लांबतो. मीटरमागे एका अंशाला साधारण 0.065 मिमी. तुमचा पत्रा साडेतीन मीटरच्या वर. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत त्याच्या तापमानात 40 अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर हालचाल. भिंत जागेवर, पत्रा हलतोय, मधलं सिलिकॉन सुटणारच. त्यातून आंबट वासाचं सिलिकॉन पॉलीकार्बोनेटला चालत नाही, त्याने पत्र्याला बारीक तडे जाऊ शकतात आणि लोखंडही खातं. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागायचं.

आता उतार. 12 फुटांना सहा इंच म्हणजे अडीच अंशसुद्धा नाही. किमान पाच अंश हवा, म्हणजे फुटाच्या थोडा वर, आणि आपल्याकडे त्याहून जास्त असलेला बरा. इतक्या सपाट छपरावर नैर्ऋत्येचा वारा पाणी उलटं भिंतीकडे ढकलतो. तिथे उघड्या नळ्या त्याची वाटच बघताहेत.

चिऱ्याचंही विसरू नका. जांभा पाणी पितो. झड वरच्या भिंतीवर बसते, पाणी दगडाच्या आतून उतरतं आणि तुमच्या सांध्याच्या खाली, घराच्या बाजूने बाहेर येतं. बाहेरून कितीही भरा, आत ओल दिसणारच. गिलावा नसेल तर जास्तच.

गणपतीपुरतं असं करा. श्रावणात दुपारी दोन-तीन तास ऊन मिळतंच. तेवढ्यात जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, जागा सुक्या फडक्याने पुसा आणि अॅल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल (चिकट रबरी) टेप सांध्यावर दाबून बसवा. ओल्या चिऱ्यावर ती धरणार नाही. गिलावा असेल आणि सुकला असेल तरच नाद करा, नाहीतर ताडपत्रीच बरी. पण त्याहून तातडीचं म्हणजे वळचणीखाली पन्हळ. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरा, नाहीतर पोफळ पडली असेल तर चिरून कोरा, आणि पागोळ्या बाजूला न्या. निम्मं पाणी तिथेच वळेल.

खरं काम दसऱ्यानंतर, भिंत सुकल्यावर. पत्र्यापासून सहा-सात इंच वर ग्राइंडरने चिऱ्यात इंचभर खोल आडवी खाच पाडा. अॅल्युमिनियमच्या पट्टीची वरची कड त्या खाचेत आणि खालची पत्र्यावर किमान सहा इंच येऊ द्या. खाच पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटने भरा. पट्टी पत्र्याला चिकटवायची नाही, पत्रा तिच्याखाली मोकळा सरकला पाहिजे. पत्रे उतरवाल तेव्हा नळ्या हवेने साफ करा, वरच्या तोंडाला अॅल्युमिनियम टेप, खालच्या तोंडाला हवा जाऊ देणारी छिद्रांची टेप. स्क्रू स्टेनलेसचे, भोक स्क्रूपेक्षा मोठं, वर रुंद रबरी वॉशर, आणि वॉशर चेपेपर्यंत आवळू नका. पत्र्याची यूव्ही थराची (उन्हापासून वाचवणाऱ्या थराची) बाजू वरच आली पाहिजे. उलटी बसली तर काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो.

सड्यावरची (रत्नागिरी):
पत्र्यावर पाय देऊ नका हो! खालच्या पाइपांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच वावरा, शेवाळावर पाय निसटतो. आणि त्या पडवीत दिवा-पंखा असेल तर तोवर एमसीबी पाडून ठेवा. आमच्याकडे 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात स्क्रू सुटलेल्या कडेने आख्खा पत्रा उचलला गेला होता, म्हणून कडेचे स्क्रू आधी बघा.

खाडीकाठ:
पन्हळ उद्याच लावतो, मागच्या बागेत पडलेली पोफळ आहे. ओळंबाकाका, उतार वाढवायचा तर वळचणीखाली जेमतेम चार इंच जागा आहे. बाहेरचे खांब कापून खाली घेऊ का? मग सरकत्या काचांची चौकट आड येते.

ओळंबा:
खांब कापा, पण काचा नका कापू. चौकटीच्या डोक्यावर झरोक्याची पट्टी असेल तर ती काढून सहा इंच मिळतील. वळचणीखाली चारच इंच असतील तर खाच सहा-सात इंचांऐवजी तेवढ्यातच घ्यावी लागेल, म्हणून तिथे पत्रा वर चढवू नका. चौकटीच्या वरच्या भागाचा आतून एक फोटो टाका, मोजपट्टी लावून.