ऑस्ट्रेलियन झाडाला जपानी वळण कशासाठी?

वल्कल (सिडनी):
चार दिवसांपूर्वी 'काळापाइन' यांनी या चर्चापीठावर लिहिले की निलगिरी, बँक्सिया आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन भाऊबंद बॉन्सायच्या (उथळ कुंडीत खुजे राखलेल्या झाडाच्या) लायकीचे नाहीत. त्यांची पाने आवरत नाहीत, फांद्या विनाकारण वाळतात आणि तार घालून फांद्यांचे कितीही थर पाडले तरी झाड पाइनसारखे दिसत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर गप्प बसण्याचा मी प्रयत्न केला, पण तो फसला. निलगिरीने पाइनसारखे का दिसावे?

कोशियुस्को पर्वताच्या परिसरातील स्नो गम, म्हणजे तिथली डोंगरी निलगिरी, ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की त्या झाडाला ढगासारखे घट्ट थर नसतातच. वाऱ्याने पिळलेले खोड, फांद्यांच्या टोकांना पानांचे विरळ झुबके आणि त्यांतून दिसणारे आकाश हेच त्याचे रूप. पोर्ट जॅक्सन फिग या वड-पिंपळाच्या भाऊबंदाचेही तसेच आहे. आपल्याकडे गडाच्या तटात पिंपळ रुजतो, तसा तो सिडनी बंदराच्या काठी वालुकाश्माला मुळांनी कवटाळून वाढतो. दगडावर मुळे पसरलेले झाड कसे दिसते हे शिकायला येथे जपानी पुस्तक उघडावे लागत नाही, काठाकाठाने तासभर चालले तरी पुरते.

फांद्या वाळण्याचे कारणही आपल्याच लेखात आहे. हिवाळा संपता संपता, म्हणजे ऑगस्टमध्ये, आपण मुळे छाटलीत. ती वेळ मेपलची. पानगळ नसलेल्या या झाडांची मुळे थंड मातीत लवकर सावरत नाहीत. त्यांची कुंडी बदलायची ती वाढ जोरात असताना, नोव्हेंबर ते जानेवारीत.

काळापाइन (मेलबर्न):
'लायकीचे नाहीत' हे शब्द माझे नव्हेत. कष्टाच्या मानाने हाती फार थोडे लागते, असे मी म्हटले होते आणि आजही म्हणतो. स्नो गमची जोरदार छाटणी केली की नवी पाने बालवयातली, रुंद आणि बेढब येतात. मी सहा वर्षे दर उन्हाळ्यात त्याला मोठे करायचो आणि तो दर उन्हाळ्यात पुन्हा लहान व्हायचा. आपल्या विरळ झुबक्यांच्या सौंदर्यशास्त्रात याला काय म्हणतात?

शिवाय माझा बँक्सिया सेराटा (बँक्सियाचीच एक जात) ऑगस्टमध्ये नव्हे, ऐन डिसेंबरात, म्हणजे आपल्याच मुहूर्तावर कुंडी बदलल्यानंतर गेला. जाड, खडबडीत सालीचे असे खोड मला पुन्हा मिळालेले नाही.

किनारा (अलिबाग):
आम्हा किनाऱ्यावरच्यांना कोणी विचारत नाही म्हणून आगंतुकपणे लिहितो. आमच्याकडचा सुरू उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरही आपसूक वाढतो. त्याच्या ज्या 'सुया' दिसतात त्या पाने नसून पेरापेरांच्या बारीक डहाळ्या असतात आणि खरी पाने प्रत्येक पेरावर बारीक दातांसारखी उरलेली असतात. अकरा वर्षांपूर्वी उथळ कुंडीत लावलेल्या माझ्या सुरूला पाइनचे वळण छान शोभते. तेव्हा जपानी वळण सरसकट निषिद्ध ठरवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. (नर्सरीवाले अजूनही सुरूला 'ख्रिसमसचे झाड' म्हणून विकतात, यावर कधीतरी स्वतंत्रपणे भांडायचे आहे.)

वल्कल:
किनाराजी, सुरू पाइनसारखा दिसतो म्हणून त्याला पाइनचे वळण शोभते. यात माझेच म्हणणे सिद्ध होते. काळापाइन, कुंडी बदलल्यावर त्या बँक्सियाला खत कोणते घातले होते?

काळापाइन:
हाडांचा चुरा. माझे आजोबा सांगलीला गुलाबांना तोच घालत आणि त्यांचा एकही गुलाब मेला नाही.

वल्कल:
मग डिसेंबरला दोष देऊ नका. बँक्सियाची मुळे बारीक झुपक्यांनी वाढतात; फॉस्फरस जवळजवळ नसलेल्या जमिनीतून तो ओरबाडून घेण्यासाठीच ती तशी घडली आहेत. त्यांच्यापुढे हाडांचा चुरा ठेवला तर ती थांबत नाहीत आणि झाड विषबाधेने मरते. आधी पाने पिवळी पडली आणि मग कडा काळवंडल्या ना? ऑस्ट्रेलियन झाडांना सुपर फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा कधीही घालू नये, हे येथे मी पूर्वीही लिहिले होते.

मुळाक्षर (कॅनबेरा):
'ऑस्ट्रेलियन झाडांना' असे सरसकट लिहून आपण नवख्या लोकांची झाडे उपाशी मारता आहात. फॉस्फरसचा हा नाजूकपणा मुख्यतः बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया या कुळाचा आहे. फिग साधे खत आनंदाने खातो. मेलॅल्युका हे आणखी एक ऑस्ट्रेलियन झाड तर उन्हाळ्यात पाण्याच्या थाळीत उभे राहूनही कुरकुरत नाही. आपला जुना सल्ला वाचून माझ्या बहिणीने तीन वर्षे फिगला काहीच घातले नाही. सुतळीएवढे खोड घेऊन ते झाड आजही माझ्याकडे बघते.

वल्कल:
'बँक्सियाच्या कुळाला' असे लिहायला हवे होते, हे मान्य. मात्र तीन वर्षांत एकदाही पानांकडे न पाहण्याचा सल्ला मी कोणाच्याही बहिणीला दिलेला नाही.

मुळाक्षर:
आपली माफी मागण्याची पद्धत पाहून समाधान वाटले. तो डिसेंबरचा नियम मात्र मी जपून पाळते, कारण येथील हिवाळी दहिवरात फिग उघड्यावर ठेवताच येत नाही. आणि मूळ वादाबद्दल सांगायचे तर, येथील नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानातील बॉन्साय संग्रहात परदेशी झाडांच्या जोडीला ऑस्ट्रेलियन झाडेही मांडलेली आहेत. काळापाइन यांनी एकदा यावे; मेलबर्नहून सात तासांची गाडी आहे, तेवढ्यात मत बदलले नाही तर परतीचे पेट्रोल वल्कल भरतील.

काळापाइन:
हाडांच्या चुऱ्याचा मुद्दा पटला. पाने अगदी तशीच काळवंडली होती आणि हे मला आठ वर्षे आधी कळले असते तर बरे झाले असते. फिगबद्दलही वाद घालत नाही, कारण त्याची छाटलेली जागा भरून येते आणि पाने लहान होतात, म्हणजे ज्या गुणांसाठी मी पाइन पाळतो ते त्याच्यात आहेत. स्नो गमचे काय? बालपाने येऊ न देता तो लहान कसा ठेवायचा, याचे उत्तर वर एकानेही दिलेले नाही.

वल्कल:
एकदम बोडका करायचा नाही. प्रत्येक फांदीवर थोडी पाने राखून शेंडे वरचेवर खुडायचे. तरीही काही बालपाने येतील, माझ्याकडेही येतात.

काळापाइन:
हे आधीच सांगितले असतेत तर मी इतके लिहिलेच नसते.