सड्यावर न्यायचा ट्रॅक्टर उंच करू नका, रुंद करा

सड्यावरचा बागवाला:
परवा शेतीच्या एका गटावर एकाने लिहिलं की जुना मिनी ट्रॅक्टर म्हणजे भंगार, कोकणातल्या चढावर तो घालणारे जिवावर उदार झालेत, विकून टाका आणि नवीन फोर व्हील ड्राइव्ह घ्या. त्याखाली दुसऱ्याने व्हिडिओ टाकला. पुढच्या एक्सलवर ठोकळे घालून उचललेला ट्रॅक्टर, मागे मोठ्या ट्रॅक्टरचे टायर, आणि वर "आता कुठेही चढतो". लोकांनी वाहवा केली. मला दोन्ही पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी भंगारवाल्यांना. माझ्याकडे १८.५ एचपीचा जुना मित्सुबिशी शक्ती आहे. खाली भाताचे चार कुणगे (छोटी खाचरं), वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, आंब्याची कलमं. एवढ्यासाठी नव्या ट्रॅक्टरचे हप्ते कोण भरणार? या इंजिनात न दुरुस्त होण्यासारखं काही नाही. नोझल, रिंगा, क्लच प्लेट, सगळं तालुक्याला मिळतं. आपल्याकडे इंजिन आधी मरत नाही, पाऊस बाकीचं मारतो. गिअरबॉक्सची तेलकाठी काढून बघा. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. नुसतं तेल बदलून भागत नाही, गिअर लिव्हरचं रबर फाटलंय का ते बघा, पावसाचं पाणी बहुतेक तिथूनच उतरतं. मग जॅक लावून पुढचं उचला आणि एक्सल हाताने पुढेमागे हलवा. खडखडला तर मधली पिन आणि बुश गेलेत. सपाटीवर ते कळत नाही, दगडावर चाक चढलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं.

आता ठोकळेवाल्यांना. ट्रॅक्टर उचलला की त्याचं वजन वर जातं आणि आडव्या उतारावर तो लवकर कलंडतो. करायचं ते उलट. मागची चाकं डिश (चाकाची मधली खोलगट तबकडी) उलटी करून बाहेर काढा. त्यासाठी डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे गेलं पाहिजे, तरच डिशही उलटते आणि टायरवरचा बाण पुढेच राहतो. चाक जागच्या जागी फिरवून लावलंत तर टायरवरचे गट्टे उलटे होतात, चिखलात पकड जाते. मग मागच्या टायरमध्ये पाणी भरा. व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणायचा आणि त्याच्यापर्यंत पाणी येऊ द्यायचं, म्हणजे साधारण ७५ टक्के भरतं. विहिरीचं भरा, खाडीचं नको, रिम खाऊन टाकतं.

ठोकळेवाला:
व्हिडिओ माझाच आहे. तुमच्या सड्यावर लाल माती असेल, आमच्या वाटेवर जांभ्याचे सुळके वर आलेत. गेल्या वर्षी तेलाचा संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) दगडावर बसून तडकला. रुंद करून त्या सुळक्यावरून कसा नेऊ? उंची पाहिजेच. आणि मोठ्या टायरने पकड वाढते हे मी रोज बघतो, मला पुस्तक नको.

सड्यावरचा बागवाला:
संपाखाली ६ मिलिमीटरचा पत्रा बोल्टने मार, सुळके घसरून जातील. वेल्डिंग करू नकोस, तेल बदलायला काढता आला पाहिजे. मोठ्या टायरने पकड वाढते, पण त्याच गिअरमध्ये वेगही वाढतो आणि ब्रेक आहेत तेवढेच राहतात. तू चढतानाचा व्हिडिओ टाकलास. भरलेली ट्रॉली घेऊन उतरतानाचा टाक.

देवगडची सून:
तुम्ही दोघं पत्रे आणि ठोकळे मोजत बसा. माझे दीर ट्रॅक्टरखाली गेले. उंच केलेला नव्हता, मोठे टायर नव्हते. पडलेलं फणसाचं खोड ओढायला साखळी मागच्या वरच्या आर्मला बांधली, क्लच सोडला, खोड अडकलं आणि पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर पाठीवर आला. क्लच दाबायलाही वेळ मिळाला नाही. साखळी एक्सलच्या खाली, ड्रॉबारलाच (मागे ट्रॉली जोडायच्या पट्टीला) बांधायची असते, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि विम्याचं तुम्ही कोणीच बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केलात तर अपघातानंतर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. बायकापोरांनी कुठे जायचं?

परळचा चाकरमानी:
ताईंचं दुःख समजतं. पण मूळ प्रश्नच चुकतोय. आंब्याच्या क्रेटसाठी ट्रॅक्टर डोंगरावर चढवायची वेळ का येते? रस्ता नाही म्हणून. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि बाग अजून पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, टोकाला. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन रस्ता केला असता तर ही चर्चाच झाली नसती.

वाडीतलो:
गावातल्या लोकांनी? तुका काय कळता रे! आंब्याच्या सीझनाक ये, मगे बोल. आमच्या वाडीचो रस्तो १० वर्षां अडलोहा, कित्याक? मधल्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर ३० नावां, आणि त्यातली निम्मी तुमच्यासारखी मुंबैक. सही मागूक गेलंय तर "बघूया". गणपतीत येतत, गडगो (दगडी कुंपण) दोन हात फुडे सरकवतत आणि परत जातत.

परळचा चाकरमानी:
सरसकट सगळ्यांवर ढकलू नका. गेल्या गणपतीला मी स्वतः संमतीपत्र घेऊन घरोघर फिरलो. ज्याने नाही म्हटलं तो गावातच राहतो, आणि त्याला वाट नकोय कारण वाट झाली तर त्याचा गडी-हमालीचा धंदा बसेल. आमच्या आजोबांनी त्या जमिनीत घाम गाळलाय, आमचाही हक्क आहे.

वाडीतलो:
हक्क हा तर रान साफ करूक पण येवा. वणवो लागलो तेव्हा इझवूक कोण होतो?

माजी तलाठी:
दोघंही भांडण बाजूला ठेवा. वाट आधी वहिवाटीची होती आणि कोणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावा. मात्र अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. लोक वर्षभर बैठका घेतात आणि मुदत घालवतात, हे मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं आणि दर वेळी जीव तुटला. वाट मुळातच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, म्हणजे हद्दीवरून रस्ता. त्याला सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत, तहसीलदार नोटिसा काढून चौकशी करतो आणि आदेश देतो. ३० नावं म्हणून हात टेकू नका.

वाडीतलो:
ह्या कोणी सांगूक नाय आजवर. १४३ चो अर्ज करतंय. पण चाकरमान्यान माझ्यावांगडा तहसीलीत येवक होया, फोनवरना नाय.

परळचा चाकरमानी:
येतो. तारीख कळवा.

सड्यावरचा बागवाला:
रस्ता होईल तेव्हा होईल, एप्रिलचा आंबा थांबणार नाही. ताईंनी साखळीचं लिहिलं ते प्रत्येकाने वाचावं. विम्याचंही खरं आहे. म्हणूनच मी म्हणतो की कंपनीने पुस्तिकेत दिलंय तेवढंच रुंद करा, बाहेरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवायच्या चकत्या) लावू नका. अति उभा चढ असेल आणि ट्रॉली नसेल तर रिव्हर्समध्ये चढवा, जड बाजू वर राहते. उताराला आडवं जाऊ नका. वहाळ (ओढा) ओलांडल्यावर ओले ब्रेक दोन-चारदा दाबून वाळवा. दोन्ही ब्रेकचे पेडल कडीने जोडलेले ठेवा, नाहीतर उतारावर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गरकन फिरतो.

देवगडची सून:
आणि माणूस वाचवणारी वरची लोखंडी चौकट? ती तुमच्या एवढ्या लांब यादीत कुठेच नाही.

ठोकळेवाला:
गॅरेजवाला पाइप वाकवून देतो म्हणाला.

देवगडची सून:
पाणी न्यायच्या पाइपची चौकट अंगावर दुमडते. त्या मॉडेलसाठी तपासून घेतलेली मिळत असेल तीच बसवा, मडगार्डला नाही, एक्सल हाउसिंगला. आणि सोबत पट्टा. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच चौकटीखाली येतो.

सड्यावरचा बागवाला:
हे बरोबर आहे. पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. माझ्या ट्रॅक्टरसाठी चौकशी करतो आणि मिळाली तर कुठे ते इथे लिहितो.

ठोकळेवाला:
ठोकळे काढतो, पत्रा मारतो. टायर नाही काढणार, चिखलात त्यांनीच मला बाहेर काढलंय.

सड्यावरचा बागवाला:
मग ट्रॉलीत निम्मेच क्रेट भर. उतार सुरू व्हायच्या आधी लो गिअर टाक, मध्यावर क्लच दाबून गिअर बदलायला जाऊ नकोस, ट्रॉलीला ब्रेक नाही. पहिली फेरी रिकाम्या ट्रॉलीने कर आणि ब्रेक कसे लागले ते लिही.