मॅक फिल्टर लावून दुकानाचं वायफाय सुरक्षित होतं का?

शहापूरकर_नेट:
फायबर जोडून झालं की बसवणारा पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाईल नंबर टाकून जातो. मालक जरा चौकस असला तर वरून नेटवर्कचं नाव लपवायला आणि मॅक फिल्टर (यादीतल्या पत्त्यांच्या उपकरणांनाच प्रवेश) लावायला सांगतो. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात ही जोडी सर्रास दिसते. माझं मत सरळ आहे: लपवणं आणि फिल्टर दोन्ही सोडा, नंबर आजच बदला.

मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक फोन-कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, हवेतून उघडाच जातो. वायफायच्या कुलपाची पद्धत डब्ल्यूपीए-२ असो वा ३, एनक्रिप्ट (सांकेतिक) होतं ते पाकिटातलं पत्र, पाकिटावरचा पत्ता नाही. शेजारच्या माडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्याला कुठल्या पत्त्याला प्रवेश आहे ते थोड्या वेळात कळतं, आणि तोच पत्ता आपल्या लॅपटॉपला लावणं सोपं आहे. लपवलेल्या नावाची तर आणखी गंमत. राउटर गप्प बसतो, म्हणून तुमचा फोनच ते नाव घेऊन खडेबाजारभर हाका मारत फिरतो.

आता नंबर. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो, म्हणजे ४०० कोटी शक्यता. फोन राउटरला जोडतानाची देवाणघेवाण एकदा पकडली की पुढचं काम घरी निवांत करता येतं. ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड सहज तपासतं. तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात सगळे नंबर संपले. अर्थात दुकानाच्या पाटीवरच नंबर रंगवलेला असेल तर तेवढेही कष्ट नकोत.

गणपत_गल्ली:
गणित मान्य, खरं चोर चुकीचा धरलाय. ग्राफिक्स कार्डवाला माणूस कापडाच्या दुकानामागे लागत नाही. पासवर्ड फुटतो तो काउंटरवरून. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर ‘शेअर’ दाबलं की क्यूआर येतो आणि त्याच्याखाली पासवर्ड अक्षरांत छापलेला असतो. कामावरच्या पोरानं शेजारच्या चहावाल्याला दिला, त्यानं आणि दोघांना. तुमचा वीस अक्षरी पासवर्डही तस्साच जातो. फिल्टरमध्ये बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) आणि मालकाचे दोन फोन एवढेच पाच पत्ते असले की चहावाल्याकडे पासवर्ड असून उपयोग शून्य. मॅक कसा बदलायचा ते त्याला ठाऊक नाही आणि शिकायला सवडही नाही.

उद्यमबाग_लॅन:
दोघंही एकाच नेटवर्कवर सगळं गाव बसवून भांडताय.

आधी फिल्टरचं बोलू. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतो. पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. असा पत्ता यादीत घातला तर फोन रीसेट केल्यावर तो बदलतो आणि मालकच बाहेर राहतो. फिल्टर लावायचाच असेल तर आधी फोनमध्ये त्या नेटवर्कपुरता ‘डिव्हाइस मॅक’ निवडा (आयफोनवर ‘खासगी वायफाय पत्ता’ बंद करा), मगच पत्ता टिपा. आणि हे काम केबल लावलेल्या कॉम्प्युटरवरून करा. वायफायवर बसून फिल्टर चालू केला आणि आपलाच पत्ता घालायचा राहिला, तर राउटरच्या रीसेटच्या भोकात पिन टोचून सगळं मुळापासून करावं लागतं.

खरा उपाय म्हणजे गेस्ट नेटवर्क, त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय. पोरांना आणि गिऱ्हाइकांना तेच द्या, मुख्य पासवर्ड मालकाच्या डोक्यात राहू दे. गेस्टमध्ये ‘लोकल नेटवर्क दिसू द्या’वरची खूण काढा. मग तपासा: गेस्टवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका, समजा १९२.१६८.१.५०. प्रिंटरचं पान उघडलं तर तुमचं गेस्ट नुसतं नावाचं गेस्ट आहे. राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर (दुसऱ्या राउटरचं नेट नुसतं वायफायनं पसरवायला) असला की स्वस्त मॉडेलांत नेमकं हेच होतं.

दुसरी चूक दोन राउटरवाल्यांची. कंपनीच्या फायबरच्या डबीमागे स्वतःचा राउटर लावतात, गिऱ्हाइकांना आतल्या राउटरवर घेतात आणि बिलिंग बाहेरच्या डबीवर ठेवतात. उलटं झालं की हो! आतल्याला बाहेरचं सगळं गाठता येतं, बाहेरच्याला आतलं नाही. म्हणून बिलिंग आत, गिऱ्हाईक बाहेर. आणि आतला एकच राउटर वापरणार असाल तर डबीचं वायफाय बंद करा. मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड घेऊन ते तसंच चालू राहतं आणि कुणाच्या लक्षात नसतं.

निपाणी_नाका:
गेस्टचं एवढं कौतुक नको. गेस्टवाल्यानं काही उद्योग केला तरी बाहेर जाताना आयपी तुमचाच. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घरी पोचले. आता ज्याच्या-त्याच्या फोनात डेटा आहे. दुकानदारानं वायफाय वाटायचंच कशाला?

खानापूर_जांभा:
जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंतीत मोबाईलची रेंज आली तर वाटणार नाही! गिऱ्हाईक यूपीआय करायला रस्त्यावर जाऊन उभं राहतं, त्यातलं एखादं परत येतच नाही. गेस्टला वेग कमी बांधून द्या, दुकान बंद झालं की टायमरनं बंद, दर महिन्याला पासवर्ड नवा. क्यूआर छापून काउंटरवर चिकटवला की पोरांच्या तोंडी पासवर्ड जायचं कारणच उरत नाही.

निपाणी_नाका:
दर महिन्याला नवा क्यूआर छापणारा दुकानदार दाखवा, मग बोलू.

शहापूरकर_नेट:
मुख्य पासवर्डबद्दल एक. आठ ते त्रेसष्ट अक्षरं चालतात. चार असंबद्ध शब्द रोमन अक्षरांत जोडा, आणि आपल्याकडे दोन भाषा आहेत त्याचा फायदा घ्या. कुदुरे-पातेलं-मळे-अडकित्ता असं काहीतरी: अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मालकाला पाठ होतं, पासवर्ड फोडणाऱ्यांच्या तयार याद्यांत असं मिश्रण सापडणं कठीण. (हाच उचलू नका, आता तो चव्हाट्यावर आलाय.)

डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद करायला विसरू नका. त्याचा पिन आठ आकडी, खरं राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. म्हणजे १०,००० अधिक १,०००, एकूण ११,००० प्रयत्नांत काम होतं. हे २०११ सालीच उघड झालंय. पिन चालू असेल तर वरचे चार शब्द पाण्यात.

वडगाव_प्रिंट:
डब्ल्यूपीए-३ केलं की जुना प्रिंटर सुटतो. परत २ वर आलो तर काय बिघडलं?

उद्यमबाग_लॅन:
आभाळ कोसळत नाही. फक्त एन्क्रिप्शन एईएस ठेवा, जुनं टीकेआयपी नको. टीकेआयपीत वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. त्याआधी २/३ मिश्र मोड करून पाहा आणि ‘पीएमएफ’ (जोडणीच्या संदेशांचं संरक्षण) सक्तीऐवजी ऐच्छिक ठेवा, बरेच प्रिंटर तेवढ्यानं जोडले जातात. तरीही नाही जमलं तर प्रिंटरला यूएसबी केबल लावा, सात-आठशे चौरस फुटांच्या दुकानात लाज कसली? मिश्र मोडमध्ये मात्र पासवर्ड लांबच हवा. २ चा दरवाजा उघडा असतो, त्यामुळे ३ ची घरबसल्या तपासणी रोखण्याची ताकद तिथं कामी येत नाही. आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना राउटर यूपीएसवर असू दे. मधेच लाइट गेली की राउटर कायमचा झोपू शकतो.

गणपत_गल्ली:
गेस्ट वेगळं केलं, बिलिंग आत घेतलं, तरी मुख्य नेटवर्कवर पाच पत्त्यांचा फिल्टर मी ठेवणारच. हल्लेखोर थांबत नाही हे कबूल. खरं नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या फोनात जुना पासवर्ड तसाच असतो, आणि तो बदलायचा म्हटलं की डीव्हीआरपासून सगळं परत जोडत बसावं लागतं.

शहापूरकर_नेट:
पोरगं गेलं की पासवर्ड बदलायचाच, डीव्हीआरसकट. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि डीव्हीआरला केबल लावली असती तर तेवढंही नव्हतं.