पेठेचं नाव काढलं तर गॅलरीत बसणार कोण?

मंगळवारकर
परवा इथं एकानं लिहिलंय, पुण्यात राहतोय, मूळचा आपलाच. त्याचं म्हणणं असं की कोल्हापूरचा फुटबॉल पेठांच्या ईर्षेनं खाल्ला, दोन सीझन प्रेक्षकांशिवाय मॅच घ्या, तालमींची नावं काढून टीम कंपन्यांना द्या, आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे लोक कसे गप खुर्चीत बसून मॅच बघतात ते शिका. रात्री वाचलं आणि झोपच लागली न्हाई. म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

भावा, पाटाकडील, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही पेठांच्या तालीम मंडळांच्या टीमची नावं काढलीस तर शाहू स्टेडियमवर उरतंय काय? बावीस पोरं आणि एक बॉल. ते बघायला तू येणार हायस का कोथरूडवरनं?

आमचे आबा मिलमध्ये होते. पहिली पाळी सुटली की डबा हातात तसाच, घरी न जाता थेट गॅलरीत. दोनची मॅच निम्मी झालेली असायची, चारची पूर्ण मिळायची. सिमेंटची पायरी उन्हानं एवढी तापलेली असायची की डब्याची पिशवी खाली घालून बसायचे. आमच्या मंगळवार पेठेची पाटाकडील हरली की रात्री जेवायचे न्हाईत, आई ताट झाकून ठेवायची आणि आम्हाला सांगायची, आज आबांच्यापुढं नाचू नका. त्यांना ऑफसाइड शेवटपर्यंत नीट कळला न्हाई, पण आपल्या पेठेतलं कुठलं पोरगं डाव्या पायानं मारतंय हे पाठ होतं, कारण त्या पोराला त्यांनी गल्लीत उघडं फिरताना बघितलेलं.

आणि कंपन्यांचं सांगतोस? महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० ला बंद. पुणे एफसी बंद. डीएसके शिवाजीयन्स बंद. एफसी पुणे सिटी २०१४ ला वाजत गाजत आली, हृतिक रोशन मालकांत, आणि २०१९ ला तिची जागा हैदराबादनं घेतली. बालेवाडीत नारंगी टीशर्ट घालून घसा बसवणाऱ्या पोरांना कुणी विचारलं का, तुम्ही आता कुणासाठी ओरडणार म्हणून? आमची तालीम अशी उठून हैदराबादला जाईल का? पैसे नसले तर पेठेत वर्गणी फिरत्या, कुणी बूट देतंय, कुणी पोरांना अंडी-दूध देतंय, पण टीम उतरत्याच.

टीव्हीपुढं बसून रात्री दीडला टाळ्या वाजवणारा समर्थक नव्हे, गिऱ्हाईक. एवढंच सांगायचं होतं.

कोथरूडचा_कोल्हापुरी
तो मीच. आबांचं वाचून बरं वाटलं, माझ्याही घरात असे एक आजोबा होते. पण तू सगळं लिहिलंस आणि हुल्लडबाजीवर एक ओळ नाही. माझा पुतण्या नऊ वर्षांचा, भावानं हौसेनं मॅचला नेला. टायब्रेकर संपला, दगड-बाटल्या सुरू झाल्या, आणि पोराच्या कपाळावर सहा टाके. कुणाची बाटली, कुठली पेठ, ते मी लिहीत नाही, कारण लिहिलं की सगळे त्याच्यावरच भांडणार. टाके घालताना तो भावाला विचारत होता, आपण जिंकलो का? तू याला प्रेम म्हणशील, मला रडू आलं.

ईर्षा कुठवर जाते ते कोलकात्यानं बघितलंय. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, सोळा माणसं मेली. आपण कशाची वाट बघतोय?

निवृत्तीचौक
मी शिवाजी पेठेतला, म्हणजे मंगळवारकरशी माझं जन्मात पटायचं न्हाई. तरी आज त्याच्या बाजूनं बोलतोय, काय करणार. अरे कोथरूड, त्या सोळा माणसांनंतर बंगालनं मोहन बागानचं नाव पुसलं का? ईस्ट बंगालचं पुसलं? आजपण ती मॅच असली की अर्धा गाव इकडं नि अर्धा तिकडं असतोय. दंगा थांबवायचा तर दंगा करणारा धरा की, पेठ कशाला धरताय.

गोलपोस्ट
तुम्ही पेठ पेठ करताय, पण टीममध्ये पेठेतली पोरं किती उरली ते कुणी बोलत नाही. परदेशी खेळाडू आणायचे, सीझनपुरते ठेवायचे, आणि आपला पोरगा बेंचवर. गांधी मैदानात चिखलात सराव करणाऱ्या पोरानं काय करायचं? अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला, रिक्षावाल्याचा पोरगा, तेव्हा सगळ्यांनी बॅनर लावले. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, तालमीत नव्हे. हे कडू आहे पण खरं आहे.

मंगळवारकर
@गोलपोस्ट त्याला बॉलला पाय लावायचं वेड कोल्हापुरात लागलं, प्रबोधिनीनं घडवलं हे मान्य. आणि परदेशी पोरांबद्दल बोलताना जरा दमानं. घरापासनं हजारो किलोमीटर लांब येऊन, एका खोलीत चारजण राहून, भाकरी आमटी खाऊन आपल्या पेठेसाठी खेळत्यात. त्यांना गॅलरीतनं कातडीवरनं काय काय ऐकवलं जातंय ते मी ऐकलंय आणि मला लाज वाटल्या. कमी करायचे असतील तर नियमानं कमी करा, पोरांवर राग काढू नका.

मर्सीसाईड_मगरपट्टा
"गिऱ्हाईक" हा शब्द मागे घे. बाकी तुमचं पेठांचं तुम्ही बघा.

मे २००५, युरोपच्या चॅम्पियन्स लीगची फायनल. मी कऱ्हाडला हॉस्टेलवर, टीव्ही रूममध्ये चाळीस पोरं. मॅच रात्री सव्वाबाराला सुरू, हाफटाइमला मिलान ३, लिव्हरपूल ०. पोरं शिव्या देत झोपायला गेली, उरलो तिघं, आणि एक वॉचमन, त्याला दिवा बंद करायचा होता. मी त्याच्या हातापाया पडलो, काका अजून पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत, म्हणजे सहा मिनिटांतच, तीन गोल झाले आणि वॉचमन स्वतः खुर्ची ओढून बसला. आमचा गोलकीपर दुदेकनं मिलानच्या शेवचेन्कोची शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा पहाट व्हायला आली होती आणि तो मला विचारत होता, आता आपण जिंकलो ना रे? आपण म्हणाला तो. त्याला लिव्हरपूल कुठं आहे हे माहीत नव्हतं. मी गिऱ्हाईक, तर तो वॉचमन कोण?

निवृत्तीचौक
गोष्ट चांगली हाय, पण तुझी टीम हरली म्हणून तुझ्या गल्लीत दुसऱ्या दिवशी तुला कुणी टोमणा मारला का? आमच्याकडं हरलो की दूध आणायला जाताना रस्ता बदलावा लागतोय. माझी सासुरवाडी मंगळवारात, मेव्हणा दार उघडतानाच स्कोअर सांगतोय, तीन-तीन महिने सांगतोय. ते सोसतोय तो समर्थक. टीव्ही बंद केला की तुझं संपलं.

मर्सीसाईड_मगरपट्टा
संपलं? २०१४ ला आमचा कॅप्टन जेरार्ड ऐन मॅचमध्ये पाय घसरून पडला तेव्हा मी दोन दिवस ऑफिसला गेलो नाही, बायकोला वाटलं कुणीतरी वारलं. तुम्हाला वाटतं जवळ राहिलं म्हणजेच जीव जडतो. पंढरपूर सगळ्यांच्या गल्लीत असतं का?

आणि मूळ लेखकालाही सांगायचंय, तिकडचे लोक "गप खुर्चीत बसतात" म्हणे. २०१९ ला कामासाठी मँचेस्टरला होतो, एक रविवार काढून लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डला गेलो. मॅच नव्हती, तिकीट तर मला परवडणारंही नव्हतं. बाहेर हिल्सबरोचं स्मारक आहे, ज्योत आहे आणि नावं कोरलेली. तेव्हा ९६ होती, २०२१ ला आणखी एक माणूस त्याच जखमांनी गेला, आता ९७. मी उभा राहून वाचत होतो. नावापुढं वय आहे. चौदा, पंधरा, सतरा. एक म्हातारी बाई आली, एका नावावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता गेली.

ती माणसं का मेली? प्रेक्षक मैदानात उतरू नयेत म्हणून लोखंडी जाळ्या घातल्या होत्या. १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलच्या मॅचला पोलिसांनी गर्दी आधीच भरलेल्या भागात सोडली, आणि माणसं त्या जाळ्यांवर चिरडली. दोष कुणाला दिला? दारुड्या समर्थकांना. खरं काय ते कोर्टात ठरायला २०१६ उजाडलं, सत्तावीस वर्षं. तिथल्या खुर्च्या त्या मरणानंतर आल्यात, शिस्त म्हणून नाही. आणि हेच "गप" लोक २०१६ च्या फेब्रुवारीत ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध ७७ व्या मिनिटाला उठून हजारोंनी बाहेर गेले. टीम २-० नं पुढं असताना. मॅच २-२ झाली. मालकांना तिकिटाचा दर मागे घ्यावा लागला.

कोथरूडचा_कोल्हापुरी
जाळ्यांचं माहीत नव्हतं. मी स्वतः जाळी उंच करा असं लिहिणार होतो, ते मागे. प्रेक्षकबंदीवर मात्र मी ठाम आहे.

फातोर्ड्याहून
गोव्यातून एक शब्द. कंपनीची टीम म्हणजे परकी, हे मंगळवारकर सरसकट बोलतोय. धेंपो कंपनीच्याच नावाची टीम, साळगावकरही तशीच, आणि माझे वडील धेंपोसाठी रडलेले आहेत. पाच वेळा देशात पहिले आलो आम्ही. २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिन्ही आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण दिल्लीत बसून लीगची रचना बदलत होते. वडील त्यानंतर फातोर्ड्याच्या स्टेडियमला आलेच नाहीत. मी एफसी गोवा या नव्या फ्रँचायझीच्या मॅचला जातो, ते घरी बसतात, आणि आमच्यात हा विषय निघत नाही. मालक कोण यापेक्षा त्यानं किती वर्षं साथ दिली ते बघा. २०२५ च्या जुलैत तर फ्रँचायझींची लीग, आयएसएलच लटकवून ठेवली होती, कागदावर सह्या नाहीत म्हणून. कुठल्या तोंडानं आम्ही कुणाला फ्रँचायझी घ्या म्हणायचं.

मंगळवारकर
धेंपोचं बरोबर हाय. ती चूक माझी.

मगरपट्टा, "गिऱ्हाईक" मागं घेतो, पण तुझ्या हॉस्टेलसाठी न्हाई, त्या बाईसाठी. आणि शिवाजी पेठेनं लई उड्या मारू नयेत, वर्ल्डकपला मेस्सीचे कटआऊट निवृत्ती चौकात कोण लावतंय? अर्जेंटिनात काय मेव्हणा हाय का तुझा?

निवृत्तीचौक
मंगळवारात नेमारचा लागला होता म्हणून आम्ही मेस्सीचा त्याच्यापेक्षा दोन फूट उंच लावला.

मंगळवारकर
तेच म्हणतोय मी. म्हणजे जीव लांबूनपण लागतोय. बरं.

कोथरूड, पुतण्याचं. मी ते वाचून उत्तर न देता दोन तास बसलो. खरं सांगतो, बाटली कुणी फेकली हे अख्ख्या गॅलरीला माहीत असतंय. नाव, घर, आईचं नाव, सगळं. पोलीस आले की आम्ही सगळे आभाळाकडं बघतोय, कारण पोरगं आपल्या पेठेचं. मीपण बघितलंय आभाळाकडं, एकदा न्हाई, दोनदा. बंदी घातली तर माझ्यासारखा म्हातारा आणि तुझा पुतण्या घरी बसणार, ते पोरगं दुसरीकडं बाटली फेकणार. ज्यानं फेकली त्याला त्याच्याच तालमीनं वर्षभर गेटच्या आत घेऊ नये. हे पोलिसांनी करायचं न्हाई, आम्ही करायचं. आजवर केलं न्हाई.

कोथरूडचा_कोल्हापुरी
हे तू तालमीच्या बैठकीत उभा राहून बोलशील?

मंगळवारकर
बोलीन. मार खाईन पण बोलीन.

गच्चीवरून
इतका वेळ वाचत होते. सगळे आबा, वडील, मेव्हणे, पुतणे. एकही बाई नाही या गोष्टींत, फक्त ताट झाकून ठेवणारी आई.

मी बाबांबरोबर बारा वर्षांची होईपर्यंत प्रत्येक मॅचला गेले. खाली पेपर अंथरायचा, शेंगांची टरफलं माझ्या फ्रॉकच्या ओच्यात, ते घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे आणि मी मिनिटं सांगायची. मग एके दिवशी मागच्या रांगेतल्या पोरांनी रेफरीच्या आईबहिणीवरून सुरू केलं आणि थांबेचनात. बाबा काही बोलले नाहीत. घड्याळ परत घेतलं, हात धरून बाहेर आणलं, आणि त्यानंतर मला कधीच नेलं नाही. ते मात्र जात राहिले. शिक्षा मला झाली.

आमचं घर जवळ आहे. सत्तावीस वर्षं गच्चीवरून मॅच ऐकते. गोल झाला की आवाज एका बाजूनं फुटतो आणि दुसरी बाजू गप होते, त्या गप होण्यावरून मला कळतं गोल कुणाचा. पेनल्टी मिळाली तर आधी ओरडा, मग एकदम शांत, मग एक तर फटाके, नाहीतर "हाऽऽ" असा सुस्कारा. खाली येऊन मी स्कोअर सांगते आणि नवरा मोबाइलवर बघून म्हणतो, बरोबर आहे. ही प्रेक्षकबंदी माझ्यावर केव्हाच घातलेली आहे, दोन सीझनची नाही.

मंगळवारकर
ताई, याला माझ्याकडं उत्तर न्हाई.

निवृत्तीचौक
मीपण ओरडलोय तसल्या शिव्या. तुमच्या मागं नसेन, पण कुणाच्या तरी मागं होतोच.

गच्चीवरून
उत्तर नकोय. लेक अकरा वर्षांची आहे, शाळेत विंगला खेळते, तिला तरी ही मॅच बघायला मिळावी. पुढच्या शनिवारी घेऊन येणार. मागून सुरू झालं तर मी उठून त्या पोराचं नाव मोठ्यानं विचारणार आहे. तेव्हा तुम्ही दोघं आभाळाकडं बघू नका.

निवृत्तीचौक
न्हाई बघणार. आमच्या बाजूला बसा.

मंगळवारकर
त्यांच्या बाजूला कशाला, इकडं या. चारची मॅच हाय, पण तीनलाच या, सावलीची बाजू आधी भरत्या. खाली घालायला पेपर मी आणतो.