जुना मेकॅनो, नवा मेकॅनो

मेकॅनो म्हणजे धातूच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून यंत्रं बांधायचं खेळणं. त्याच्या जुन्या सेटचे भाग नव्यात चालतील का, असं विचारलंय. पट्ट्या आणि प्लेटी खुशाल मिसळा. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंचच आहे. जपायचे ते नट-बोल्ट. जुने ५/३२ इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे असतात. नव्या सेटमधला एम-४ चा, म्हणजे ४ मिलिमीटर मेट्रिक मापाचा बोल्ट दिसायला तसाच, पण आटे वेगळे. जोर लावून बसवलात तर दोन्ही खराब होतील, म्हणून डबे वेगळे ठेवा.

मला विचाराल तर संग्रहात पहिली भर पितळी दातेरी चाकांची घालावी. १९ दातांचं चाक ५७ च्या चाकाला जोडलं की वेग एक तृतीयांश होतो; २५ ला ५० जोडलं की निम्मा. गंमत म्हणजे दोन्ही जोड्यांना चाकं बसवायच्या दांड्यांमधलं अंतर एक इंचच लागतं, म्हणजे दोन भोकं. त्यामुळे चाकं दांडीवर सरकवून गिअर बदलणारी पेटी स्वतः बांधता येते. रंग उडालेल्या पट्ट्या पुन्हा रंगवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मूळ रंगावरून काळ ओळखता येतो.

आणि ‘मोठ्यांनी कशाला खेळायचं’ म्हणणाऱ्यांसाठी: १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला गणितज्ञ डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून विकलक समीकरणं (एखादी गोष्ट कशी बदलत जाते ते मांडणारी गणितं) सोडवणारं यंत्र बांधलं होतं. चाकं फिरायची आणि उत्तराचा आलेख कागदावर उमटायचा!